गिटारची मान आणि अण्णांचा हात

आमच्या शनिवारच्या कंपूत किस्से कधी तयार होतात ते कळतच नाही. लाकडाच्या भुशासारखं आहे. काम चालू असताना त्याच्याकडे लक्ष जात नाही, घरी येऊन ओढणी झटकली की सोफाभर! नवरा म्हणतो, "दर शनिवारी तू एकच गोष्ट सांगतेस, नुसती गिटार बदलतेस." साफ खोटं आहे. माणसंही बदलतात.

तर आधी कंपू सांगते. बेंगळुरूत के. आर. पुरमला, मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल अशा गल्लीत अण्णांचं घर आहे. अण्णा मूळचे निपाणीकडचे. सरकारी विमान कारखान्यात टूल डिझाइनला नोकरीला लागले आणि तिथूनच रिटायर झाले. पूर्वी एकदा मुलीची गिटार मोडली, ती त्यांनी घरीच जोडली. मुलगी लग्न होऊन गेली, गिटारी मात्र येतच राहिल्या! आता त्यांच्या गॅरेजमध्ये गिटारी असतात आणि गाडी बाहेर गल्लीत ऊन खाते.

दुसरे केळकर सर. सरकारी प्रयोगशाळेतले रिटायर्ड शास्त्रज्ञ. मोडलेली वस्तू बघायची आणि ती का मोडली ते सांगायचं, एवढंच काम त्यांनी जन्मभर केलं. खिशात कायम भिंग. तिसऱ्या अक्का, म्हणजे अण्णांची बायको. बेळगावच्या. त्यांच्याकडच्या बायकांसारखं स्वतःबद्दल "मी येतो, मी करतो" बोलतात, आणि खरोखर सगळं त्याच करतात. चौथी मी. पुण्याची, राहायला सर्जापूर रोड, नोकरी व्हाइटफील्डला, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. लोकांच्या कामातली खोट काढायचा मला पगार मिळतो. त्यामुळे मित्रमंडळ बेताचंच होतं, हे सांगायला नको.

*

माझी एन्ट्रीसुद्धा किश्श्यानेच झाली. माझी गिटार बाल्कनीच्या दाराशी टेकवून ठेवली होती. वारा आला, दार आपटलं, गिटार आडवी! पडलेली गिटार नेमकी मानेत मोडते, जिथे तिचं डोकं सुरू होतं तिथे. तिथलं लाकूड सगळ्यात बारीक, आणि आत लोखंडी सळई बसवायला पोखरलेलं असतं. ऑफिसातल्या एकाने पत्ता दिला आणि शनिवारी आम्ही नवरा-बायको अण्णांच्या दारात हजर.

कोणी काही विचारलं नाही, तरी मी सगळं सांगितलं. वारा किती जोरात होता, दार कसं आपटलं, मला कसं रडू आलं. केळकर सर तोपर्यंत भिंगातून मोड बघत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "अर्धी मान वाऱ्याने मोडली, हे बरोबर आहे."

"आणि अर्धी?"

"अर्धी आधीच मोडलेली होती. हे बघा, इथे लाकूड पांढरं स्वच्छ आहे, हा तुमचा वारा. इथून पुढे काळपट. धूळ बसली आहे, हाताचा घाम मुरला आहे. म्हणजे काही महिन्यांपूर्वी कोणीतरी ही पाडली आणि गुपचूप उचलून जागेवर ठेवली."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो गॅरेजचं छत न्याहाळत होता. त्या छतात न्याहाळण्यासारखं काहीही नाही, हे मी आता खात्रीने सांगू शकते! परत जाताना त्याने मी न मागता मला मसाला डोसा खाऊ घातला आणि वर फिल्टर कॉफी.

अण्णांनी त्याच दिवशी नियम केला. गिऱ्हाईक गल्लीच्या बाहेर पडेपर्यंत केळकरांचं भिंग खिशात!

*

गिटार घ्यायला गेले ती मी तिथेच रमले. खरं सांगायचं तर या शहरात माझे शनिवार म्हणजे रविवारची वाट बघणं आणि रविवार म्हणजे सोमवारची धास्ती, एवढंच होतं. अण्णांनी पहिल्याच दिवशी हातात घासकागद दिला आणि म्हणाले, "हे घास बघू. लाकडाच्या रेषेनंच घासायचं, आडवं नव्हे. घाई न्हाई आपल्याला." घाई नाही, असं मला कित्येक वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं! मी घासत बसले. अक्का पोहे घेऊन आल्या, केळकर सर कुठल्याशा पुलाचा बोल्ट का तुटला ते सांगत होते, आणि आजूबाजूला चक्क मराठी चालली होती. त्या दिवसाचे उपकार मी विसरणार नाही.

पण तेव्हाच एक गोष्ट डोळ्यांना दिसली होती. अण्णांचा उजवा हात थरथरायचा.

सुरुवातीला थोडा. बशीत चहा सांडायचा, अण्णा म्हणायचे, "बशी वाकडी हाय." मग पटाशी धरताना दिसायला लागला. पटाशी म्हणजे लाकूड तासायचं धारदार हत्यार. मग नाजूक कापायचं काम आलं की ते माझ्याकडे सरकवायला लागले. "तू कर गं, तुला शिकायचं हाय न्हवं?" मला शिकायचं होतंच. पण ते मला शिकवत नव्हते, स्वतःचं एकेक काम सोडत होते, हे टेस्टरच्या नजरेला कळल्याशिवाय राहतंय होय!

एका शनिवारी त्यांच्या हातून पटाशी निसटली आणि एका गिऱ्हाइकाच्या गिटारवर ओरखडा उठला. फार मोठा नव्हता, पॉलिशने गेला. अण्णा मात्र हात पुसून उभे राहिले आणि म्हणाले, "आता बास. आहेत तेवढ्या जोडू आणि शटर खाली."

त्या दिवशी अक्का मला गेटपर्यंत सोडायला आल्या. गेटाची कडी धरून म्हणाल्या, "हे काम सुटलं तर माणूस खचणार बघ. कारखाना सुटला तेव्हा मी बघितलोय. कायतरी करा गं तू आणि केळकर सर." एवढं बोलून चप्पल फटफटवत आत गेल्या.

*

पण कायतरी करायच्या आधी डॉक्टर. आणि अण्णा डॉक्टरकडे जायला तयार नाहीत! "म्हातारपण हाय. त्याला औषध असतं काय?"

इथे अण्णांच्या कामाची एक पद्धत सांगायला हवी. डिंक लावायच्या आधी ते सगळं काम कोरडं करून बघतात. मोडलेले तुकडे जुळवायचे, शिकंजे आवळायचे, सांधा बघायचा, परत सोडायचं. याला म्हणायचं ड्राय रन. ते केल्याशिवाय डिंकाच्या बाटलीला कोणी हात लावायचा नाही. एकदा घाईत मी झाकण उघडलं तर माझ्या हातातून बाटली काढून घेतली, उभ्या जन्मात मला कोणी इतकं शांतपणे झापलेलं नाही.

तर अक्का एका सकाळी म्हणाल्या, "ओ, डॉक्टरकडं जायचं न्हाई तर नका जाऊ. आज नुस्तं ड्राय रन करूया. दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊया, बघूया, परत येऊया."

ड्राय रनला अण्णा नाही म्हणूच शकत नव्हते! तत्त्वाचा प्रश्न होता. इस्त्रीचा शर्ट घालून गेले. दारापर्यंत पोचले, दार बघितलं, आणि वळणार एवढ्यात आतून नर्सने त्यांचं नाव पुकारलं.

अण्णांनी अक्कांकडे बघितलं. अक्का म्हणाल्या, "डिंक मी आधीच लावून ठेवलोय."

गोळ्या सुरू झाल्या. थरथर कमी झाली, पण गेली नाही. डॉक्टरांनी तसं स्पष्टच सांगितलं. वर हेही म्हणाले, की हाताला काम असू द्या. अक्कांनी हे वाक्य आम्हाला तीन-तीनदा ऐकवलं. शेवटी केळकर सर म्हणाले, "अक्का, आमचे हात ठीक आहेत, आम्हाला कशाला सांगता?"

*

जिगची कल्पना अण्णांचीच. चहा पिता पिता त्यांनी अचानक बशी खाली ठेवली.

"केळकर, मी जन्मभर कारखान्यात काय केलो? जिग केलो. जिग असतंय कशाला? माणसाच्या हातावर भरवसा नसतोय म्हणून! वस्तू एका जागी घट्ट बसवायची, हत्याराला वाट आखून द्यायची. मग हात कुणाचा का असंना, भोक जागेवरच पडणार. हजार लोकांच्या हातासाठी केलो. आता एक माझ्या हातासाठी करूया की!"

ते बोलताना त्यांचा चेहरा असा काही उजळला की अक्का दारातल्या दारात पदराने डोळे टिपून आत गेल्या. मी आणि केळकर सर लगेच कामाला लागलो. करायचं काय, तर अशी एक बैठक, जिच्यात मोडलेल्या मानेची गिटार पालथी पडेल, मान आणि डोकं आपापल्या तिरकसपणासकट घट्ट बसतील, आणि वरून मोडीच्या आरपार दोन सरळ खाचा पाडता येतील. त्या खाचांत कठीण लाकडाच्या पट्ट्या डिंकाने बसवल्या की मान पहिल्यापेक्षा मजबूत होते. खाच पाडतं राउटर नावाचं मशीन. त्याचं पातं भयंकर वेगाने फिरतं, आणि हात हलला की मान गेलीच.

*

पहिलं जिग अण्णांनी कारखान्याच्या सवयीने केलं. ड्रॉइंग काढलं, त्यात सुधारणा, सुधारणेत सुधारणा. केळकर सरांनी प्रत्येक कागदावर सह्या मागितल्या. "मंजुरी कोणाची?" असा प्रश्न आला तेव्हा अक्कांना बोलावून सही घेतली. हे सगळं एका गिटारसाठी!

जाड पोलादी पाट्यांचं ते जिग लोखंडकामाच्या दुकानात तयार झालं आणि रिक्षात घालायला तिथली दोन माणसं लागली. रिक्षा मागून खाली बसली. रिक्षावाल्याने वळून विचारलं, "एनु सार इदु?" म्हणजे, हे काय आहे साहेब?

अण्णा अभिमानाने म्हणाले, "गिटार आस्पत्रे!" म्हणजे गिटारचा दवाखाना.

रिक्षावाल्याने एकदा जिगकडे बघितलं, एकदा आमच्याकडे बघितलं आणि कन्नडमध्ये जे म्हणाला त्याचा अर्थ असा, की पेशंट जगेल असं वाटत नाही.

त्याच्या तोंडात साखर घालायला हवी होती! भंगारातून आणलेली एक मोडकी गिटार आम्ही त्यात बसवली. अण्णांनी बोल्ट आवळायला सुरुवात केली. विमानाचे भाग धरायच्या हिशोबाने केलेले बोल्ट ते. एक फेरा दिला, दोन दिले, आणि कडाड! मान दुसऱ्याच जागी मोडली.

केळकर सरांनी सवयीने भिंग काढलं, वाकले, नीट बघितलं आणि म्हणाले, "ही मात्र आजचीच आहे."

*

दुसरं जिग प्लायवूडचं केलं. हलकं, सुटसुटीत, आतून मऊ बुचाचे तुकडे लावलेले. मान बसली छान, आवळली छान, सांधा असा जुळला की केळकर सरांनाही भिंगाशिवाय दिसेना. मग डिंक लावून रात्रभर ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी सगळे शिकंजे सोडले आणि मी गिटार उचलली.

गिटारबरोबर जिगसुद्धा उचललं गेलं!

सांध्यातून बाहेर आलेला डिंक बुचावर पसरला होता. मानेला डोकं चिकटलं होतं आणि दोन्ही मिळून जिगला चिकटली होती. अण्णांनी गिटार जिगसकट फिरवून बघितली. "झकास," ते म्हणाले, "आता वाजवणाऱ्यानं हे गळ्यात घालून वाजवायचं."

आम्ही तिघं डोकी धरून बसलो. मेणकागद लावावा का? तो फाटतो. टेप लावावी का? ती सुरकुतते. केळकर सर कुठल्याशा रसायनाचं नाव सांगायला लागले. तेवढ्यात अक्का धुतलेल्या दुधाच्या पिशव्या दोरीवर वाळत घालायला बाहेर आल्या. आमच्या चेहऱ्यांकडे बघून म्हणाल्या, "काय झालं?" आम्ही सांगितलं. त्यांनी दोरीवरची एक पिशवी काढली, कात्रीने उघडून पसरली, पुसली आणि अण्णांच्या हातात दिली. "पुरणपोळी लाटताना मी ह्याच्यावरच लाटतो. चिकटली काय कधी?"

तेव्हापासून आमच्याकडची प्रत्येक गिटार मानेला दुधाची पिशवी गुंडाळून झोपते. मीही घरच्या पिशव्या साठवते, शेजारणींच्याही मागते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकीने फार मायेने विचारलं होतं, "घरात सगळं ठीक आहे ना?"

*

मध्येच एक बँडवाला आला होता. दाढी, कानात बाळ्या, आणि डोळे रडून सुजलेले. न विचारता सगळं सांगितलं. कार्यक्रम रंगला, त्याला चेव आला, त्याने गिटार स्टेजवर आपटली. "अंकल, लोकांनी काय टाळ्या वाजवल्या म्हणून सांगू! पाच मिनिटं थांबत नव्हत्या." सकाळी शुद्धीवर आल्यावर लक्षात आलं, की ती वडिलांनी घेऊन दिलेली गिटार होती.

अण्णा म्हणाले, "मोडताना टाळ्या वाजल्या. जोडताना कोण वाजवणार?"

ते काम सगळं अण्णांनी सांगितलं आणि मी केलं. हातच माझे. खाच पाडताना अण्णा माझ्या मागे दोन्ही हात पाठीशी बांधून उभे होते, एक हात दुसऱ्याने घट्ट धरून. मला ते बघवेना. म्हणून मी पुढे बघितलं.

दाढीवाला गिटार घ्यायला आला, तारा लावल्या, त्याने एक सूर छेडला. आणि स्वयंपाकघराच्या दारातून टाळ्यांचा आवाज आला. अक्का! पिठाच्या हातांनी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, पीठ उडत होतं. तो एवढा धटिंगण पटकन वाकून त्यांच्या पाया पडला. अण्णा हसले, पण नंतर मला हळूच म्हणाले, "टाळ्या तुझ्या हाताला हैत गं. माझ्या न्हवे." ते तक्रार करत नव्हते. म्हणून तर जास्त लागलं.

*

तिसरं जिग करायला पावसाळा गेला. हे मात्र खरोखर अण्णांच्या हातासाठी केलं. आधीच्या पोलादी जिगची एक जाड पाटी कापून घेतली आणि तिच्यावर राउटर पक्का बसवला. ही जड पाटी दोन रुळांमधून फक्त पुढे-मागे सरकते. डावीकडे नाही, उजवीकडे नाही; काम झालं की फक्त वर उचलता येते. वजन एवढं, की थरथर तिच्यापर्यंत पोचते आणि तिथेच मुरते. कोपर टेकायला दोन्ही बाजूंना उशा, त्या अक्कांनी शिवल्या.

जिग तयार झालं आणि अण्णा अडून बसले. "गिऱ्हाइकाच्या गिटारवर माझा हात तपासायचा न्हाई."

मी म्हटलं, "माझी आहे ना." माझ्या गिटारचा जुना सांधा एका टोकाला पुन्हा उघडायला लागला होता, तिला पट्ट्या लागणारच होत्या. अण्णा नको नको म्हणत राहिले. ही गिटार मी माझ्या पहिल्या पगारातून घेतलेली, हे त्यांना माहीत होतं. पण मी ती आणून जिगमध्ये पालथी घातली, खाली दुधाची पिशवी पसरली आणि शिकंजे आवळले.

मग अण्णांनी अट घातली. "दोन खाचा हैत. एक तू पाड, एक मी पाडतो. कुठली कुणाची ते केळकरला सांगायचं न्हाई. त्यानं भिंगातनं बघायचं. माझी खाच त्यानं ओळखली तर शटर खाली, आणि हत्यारं तुझी. परत ह्या विषयावर कुणी बोलायचं न्हाई."

मी टेस्टर. टेस्ट म्हणून ही उत्तम होती, पण मला ती नको होती. कारण केळकर सरांना खोटं बोलता येत नाही. अण्णांसाठी बोलावंसं वाटलं तरी बोलता येत नाही! ते स्वतःही ओशाळून म्हणाले, "अण्णा, माझ्याऐवजी दुसरं कोणीतरी..." अण्णा म्हणाले, "दुसऱ्या कुणावर माझा भरवसा न्हाई." अक्का सरांना उप्पीट खायला आत घेऊन गेल्या आणि दार लावून घेतलं.

आधी मी. दोन्ही हातांनी पाटी धरली, राउटर सुरू केला, पुढे सरकवला. माझ्या पहिल्या पगाराची गिटार, आणि अण्णांचं सगळं त्या दोन खाचांवर! खाच पडली, मी सुटले एकदाची म्हणून राउटर झटकन वर उचलला.

मग अण्णा. खुर्चीवर बसले, उशांवर कोपरं टेकली. हात थरथरत होता. त्यांनी पाटीवर ठेवला तरी थरथरत होता. राउटर सुरू झाला आणि पाटी एका चालीने निघाली, जराही न डुगडुगता, शेवटपर्यंत गेली. अण्णांनी मशीन बंद केलं. पातं फिरायचं पूर्ण थांबेपर्यंत वाट बघितली. मग उचललं.

मी दार उघडलं. केळकर सर आले, मागोमाग अक्का. सरांनी चष्मा काढला, भिंग डोळ्याला लावलं. एक खाच बघितली. दुसरी बघितली. परत पहिली. अक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. रस्त्यावर कोणीतरी भाजी विकत होतं.

सर सरळ झाले. त्यांचे डोळे भरले होते.

"अण्णा, माफ करा," ते म्हणाले. "ही डावीकडची खाच अगदी स्वच्छ आहे. पण ही उजवीकडची... हिच्या शेवटी टवका उडाला आहे. पातं फिरत असताना हात हलला आहे. ही तुमची."

अक्कांनी डोळे मिटून घेतले. अण्णा माझ्याकडे बघत होते. मी जमिनीकडे बघत होते.

"सर," मी म्हटलं, "उजवीकडची माझी आहे."

केळकर सर परत वाकले. भिंग पुसलं, परत बघितलं. मग तसेच स्टुलावर बसले आणि भिंग हातात धरून लहान मुलासारखे हसायला लागले. अक्का हसतही होत्या आणि रडतही होत्या, आणि मध्येच "देवा, देवा" म्हणत होत्या.

अण्णा खुर्चीतून उठले. माझ्याजवळ आले. थरथरता हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि अगदी गंभीरपणे म्हणाले,

"काळजी करू नको गं. तुझ्यासाठी बी एक जिग करूया."